खाली गादी, वर रजई

जानूचा हात माझ्या ओंजळीत आला तेव्हा तो अजून कोमट होता.

जानूच्या लाँचीच्या म्होरक्यानं, गजा तांडेलानं तो आपल्या डोक्याच्या फडक्यात गुंडाळून आणला होता. लाँच धक्क्याला पुरती लागलीही नव्हती. मधलं हातभर पाणी त्यानं उडी मारून ओलांडलं आणि तडक आमच्या पॅकिंगच्या शेडमध्ये माझ्यासमोर येऊन उभा राहिला. सकाळचे आठ वाजले असतील. मी सुरमईच्या पेट्या भरत होते.

"भागी, धर ह्यो," तो म्हणाला. "तुझ्याबिगर दुसऱ्या कुणाकडं देऊ?"

मला वाटलं, आमच्या घरचा वाटा आणला. फडकं उघडलं. मनगटापासून पुढचा अख्खा उजवा हात. करंगळीच्या पेरावर पांढरी बारीक खूण होती. जानू, माझा धाकटा भाऊ, चार वर्षांचा असताना माझ्या विळीला हात लावायला आला होता, ती.

"जानू?"

"जित्ता हाय. लाँचीवर हाय, आणतायत उचलून. जाळं वर घेत होतो, विंचच्या वायरीचा फेरा मनगटावर बसला. तू सुरमईचा तुकडा काढतेस ना विळीवर, तसा कापला बघ. रेषा इकडची तिकडं नाय."

तांडेल बोलत होता आणि त्याच्या दाढीवरून पाणी गळत होतं. ते दर्याचं होतं का डोळ्यांचं, मी बघितलं नाही.

शिरबंदर म्हणजे आमचं खारव्यांचं बंदर, रत्नागिरीच्या बाजूला. दोनशे उंबरे, चाळीस लाँची, एक बर्फाची फॅक्टरी. त्या बंदरात माझं नाव होतं ते बर्फामुळं. लग्नानंतर दीड वर्षात नवरा दर्यात बुडाला, मी माहेरी परत आले आणि शेडमध्ये उभी राहिले. तेव्हापासून पंधरा वर्षं पेट्याच भरत होते. मुंबईचे व्यापारी पेटी उघडायच्या आधी विचारायचे, भागीची आहे का? बायका चेष्टा करायच्या, "भागीच्या पेटीतला मासा मुंबईत जाऊन डोळे उघडतो आणि विचारतो, आलं काय गो बांदरा?" ही विद्या माझ्या बाची. तो शिकवायचा तेव्हा मासा म्हणायचा नाही, पाहुणा म्हणायचा. "खाली गादी, वर रजई, मधी पाहुणा. आणि लांबचा प्रवास असेल तर मूठभर मीठ. पाहुण्याला वाटेत जाग येता नये."

आई गेली तेव्हा जानू तीन वर्षांचा, मी अकराची. त्याला शाळेत सोडायला जायची तेव्हा त्याची ही बोटं माझ्या मुठीत असायची. पुळणीतून चालताना तो मुद्दाम मागं रेंगाळायचा, मी ओढायची. त्या बोटांचं वजन मला ठाऊक होतं. तेच वजन आता फडक्यात होतं, आणि ते मागं ओढत नव्हतं.

बंदरातल्या सरकारी दवाखान्यात डॉक्टर त्या दिवशी नव्हते, तालुक्याला गेलेले. तिवरेकर सिस्टर होती. बुटकी, करड्या आवाजाची, बाळंतपणाला गेली की मूलसुद्धा तिच्या धाकानं बाहेर येतं असं लोक म्हणायचे. तिनं जानूचा दंड उंच धरायला लावला, मनगटावर पट्ट्यांवर पट्ट्या दाबल्या, सुई टोचली, आणि साडीचा ओचा वर खोचून सोसायटीच्या हापिसात धावली. बंदरात तेव्हा तिथंच काय तो फोन. परत आली ती धापा टाकत.

"कोल्हापूरला हात जोडणारे डॉक्टर आहेत. चरकात गेलेले, यंत्रात गेलेले हात जोडतात. मी त्यांच्याशीच बोलले. कसा कापला ते खोदून खोदून विचारलं त्यांनी. म्हणाले, आणा, दुपारपर्यंत आणा, आम्ही तयारीत राहतो."

"जोडला जाईल?" जानूच्या बायकोनं, रतननं विचारलं.

"जाईल म्हणाले. अगं, बोटं हलतील म्हणाले. पण हात नीट पोचला पाहिजे. भागी, इकडं ये. नीट ऐक."

"सिस्टर, भागीला बर्फ शिकवतायसा?" तांडेल म्हणाला. तशाही वेळी चारदोन जण हसले.

"शिकवतेय," सिस्टर म्हणाली. "हात स्वच्छ पाण्यानं विसळायचा. ओल्या पट्टीत गुंडाळायचा. कोरड्या पिशवीत घालून तोंड बांधायचं. ती पिशवी बर्फावर ठेवायची. बर्फावर, बर्फात नाही. हाताला बर्फ लागता कामा नये. म्हण बघू."

शाळेतल्या पोरीसारखं मी म्हणून दाखवलं. मग तिच्यादेखत तसंच केलं. शेडमधली नवी थर्मोकोलची पेटी घेतली, बर्फ बारीक फोडला, वर पिशवी ठेवली, झाकण लावलं. आणि निघताना सवयीनं खडेमिठाची पुरचुंडी कनवटीला खोचली. ती कुणी सांगितली नव्हती. पंधरा वर्षांत मी मिठाशिवाय पेटीजवळ बसले नव्हते, एवढंच.

हसनभाईचा टेम्पो रोज मासळी घेऊन घाटावर जायचा. त्या दिवशी त्यानं भरलेल्या पेट्या धक्क्यावर उतरवून टाकल्या. हौद्यात गादी घातली, वर ताडपत्री ताणली. जानूचं डोकं रतनच्या मांडीवर, त्याच्या पायाशी मी, आणि माझ्या मांडीला लागून पेटी. नऊला निघालो.

जानू पांढराफटक पडला होता, पण सुईनं कळ दबली तशी त्याची जीभ सुटली.

"बाय," तो मला म्हणाला. मला तो बायच म्हणायचा. "माझा हात कुठं हाय?"

"हयसर हाय. पेटीत."

"चिट्ठी लावलीस ना वर? न्हायतर कोचीनला जायचा. तिकडं कुणाला तरी दोन उजवे व्हायचे."

रतन रडता रडता म्हणाली, "तोंड मिटा हो."

"तोंडच राह्यलाय आता पुरा. ते तरी चालवू दे."

पाली गेली. रस्त्याच्या दोन्ही अंगांना भात पिवळं पडलेलं. आश्विनातलं ऊन ताडपत्रीवर वाजत होतं. जानू मधेच ग्लानीत जायचा, मधेच डोळे उघडायचा.

"आयचं ते म्हण ना गो."

आई जात्यावर म्हणायची ते. आई गेल्यावर नाचणी मी दळायची, आणि हा माझ्या मांडीवर डोकं ठेवून तेवढ्या दोन ओळी ऐकल्याशिवाय झोपायचा नाही. टेम्पोच्या खडखडाटात मी म्हटलं.

समिंदराच्या गं तोंडी, होडी झुलते एकली
सुकाणूच्या दांडीवरी, मूठ भावाची टेकली

"टेकंल परत," जानू डोळे मिटून म्हणाला. "दिवाळीपतूर टेकंल बघ. यंदा गजा तांडेल लाँच माझ्या हातात देणार हाय. शब्द दिलाय त्यानं."

तांडेल व्हायचं होतं त्याला. आमच्या घराण्यात कुणी झालं नव्हतं. दर्यातल्या खडकांच्या खुणा, वाऱ्याचं वळण, पाण्याचा रंग, सगळं त्यानं सहा वर्षं गजाच्या मागं उभं राहून डोळ्यांत साठवलं होतं. पण सुकाणू डोळ्यांनी धरता येत नाही.

साखरपा ओलांडून आंबा घाट चढायला लागलो आणि टेम्पोच्या तोंडातून वाफ आली. हसनभाईनं गाडी कडेला घेतली.

"पाच मिनटं, भागाबाई. पानी घातल्याबिगर चढनार नाय ती."

तो डबा घेऊन झऱ्याकडं गेला. रतनला मघापासून मळमळत होतं. ती खाली उतरली आणि करवंदीच्या जाळीशी वाकून बसली. हौद्यात मी, जानू आणि पेटी.

मी झाकण उघडलं.

बर्फ निम्मा झाला होता. पिशवीला आतून घाम आला होता. प्लास्टिकमधला माल घामेजतो आणि घामेजला की गेला, हे शेडमधली काल आलेली बाईसुद्धा सांगेल. मी पिशवीचं तोंड सोडलं, पट्टी जरा बाजूला केली. नखं निळसर पडली होती. हात लुळा होता, नुसता लुळा. आम्ही माशाला पाहतो तसं मी अंगठ्याच्या उंचवट्यावर बोट दाबून पाहिलं. बोट काढलं, खळगा तसाच राहिला.

खळगा राहिला की मुंबईचा व्यापारी पेटी परत पाठवतो.

सिस्टरचं म्हणणं माझ्या कानात होतं. पण मनात आलं, सिस्टरनं किती पेट्या भरल्या? फोनवरच्या डॉक्टरनं किती भरल्या? त्यांना काय ठाऊक, आश्विनातलं ऊन काय असतं आणि घाट काय असतो? अजून निम्मी वाट पुढं होती.

मी हात पट्टीतून काढला. पेटीतलं पाणी ओतून दिलं, उरलेला बर्फ पुन्हा बारीक केला. हसनभाईच्या पुढच्या पेटीत सकाळचा शिल्लक बर्फ होता, तोही घेतला. गादी घातली. कनवटीची पुरचुंडी सोडली.

"मीठ घातलंस काय?" जानूनं डोळे न उघडताच विचारलं. खडे मिठाचे चुरचुरत होते, ते त्यानं ऐकलं होतं. खारव्याचा पोर तो.

"घालतंय."

"मूठभर घाल."

"दोन मुठी घातल्या."

"मग पोचला," तो म्हणाला, आणि त्याच्या तोंडावर त्या सकाळपासून पहिल्यांदा जरा रंग आला. "बाच्या भाषेत सांगायचं तर, पाहुणा निजला."

हात मी तळवा वर करून ठेवला. वरून रजई घातली. झाकण लावणार होते, पण लावलं नाही. आत हात घातला. बर्फाखालून चाचपत त्याची बोटं शोधली आणि माझ्या मुठीत घेतली, शाळेच्या वाटेवर घ्यायची तशी. बर्फ कमी पडला तर तिथल्या तिथं कळेल, हा एक हिशेब होता. आणि दुसरं असं की त्या बोटांना एकटं सोडवेना.

टेम्पो सुरू झाला. मलकापूर गेलं, बांबवडं गेलं. आधी माझी बोटं ठणकली, मग जळजळली, मग त्यांना काही कळेनासं झालं. मी काढली नाहीत. मधे दोनदा उरलेलं मीठ भुरभुरवलं. मुठीतली बोटं हळूहळू ताठ होत गेली. मला वाटलं, जीव धरतायत.

दीडला हॉस्पिटलच्या दारात पोचलो. सगळं खरंच तयार होतं. हिरव्या कपड्यांतली चार माणसं जिन्यातच उभी. एकानं जानूची गाडी ढकलत नेली, एका तरुण डॉक्टरीणबाईनं माझ्याकडून पेटी घेतली. पुढं कळलं, तिचं नाव मगदूम. टेबलावर ठेवून तिनं झाकण काढलं, बर्फ बाजूला केला, हात उचलून स्टीलच्या ताटात ठेवला.

टण् असा आवाज झाला.

तो आवाज ऐकला आणि माझा जीव भांड्यात पडला. दगडासारखा वाजणारा माल म्हणजे अव्वल माल. पंधरा वर्षांत इतकी चांगली पेटी माझ्या हातून भरली गेली नव्हती. मी रतनला कोपरानं डिवचलं. "बघितलंस? जराही सैल पडला नाय."

मगदूमबाईंनी ताटाकडं पाहिलं. मग मोठ्या डॉक्टरांकडं. मोठे डॉक्टर पुढं आले, हातमोजा चढवलेल्या बोटानं त्यांनी त्या हातावर हलकेच ठोकलं. एकदा. दोनदा. ताट आत गेलं, दार मिटलं.

आम्हाला बाकावर बसवलं. हसनभाईनं चहा आणला. मी ग्लास घेतला, रतनशी बोलत बसले. दिवाळीत जानूला काय काय करून घालायचं ते. चहा पिववेना म्हणून ग्लास तसाच धरून ठेवला.

दार उघडून मगदूमबाई आल्या. आमच्याकडं येता येता मधेच थांबल्या.

"ताई, तो ग्लास खाली ठेवा बघू."

मी ठेवला.

"चटका बसत नव्हता तुम्हाला?"

मी बोटांकडं पाहिलं. टोकं मेणासारखी पांढरी होती आणि कातडी घट्ट, चकचकीत. ती माझी वाटत नव्हती.

त्यांनी मला जिन्याच्या वळणावर नेलं. माझी बोटं आपल्या हातात घेतली.

"कधीपासून आहे हे?"

"घाटापासून."

"घाटात काय केलं?"

मी सांगितलं. सगळं, क्रमानं सांगितलं. पिशवीला घाम कसा आला, खळगा कसा राहिला, गादी कशी घातली, मीठ किती. मला वाटलं, शहाणपणाबद्दल शाबासकी द्यायला विचारतायत. खाली गादी, वर रजई हेही सांगितलं. त्यांनी एकदाही मधे तोडलं नाही. माझी बोटं तशीच धरून राहिल्या.

मग म्हणाल्या, "ताई, मासा मेल्यावर बर्फात जातो. हा हात जिवंत होता."

खाली रस्त्यावर कुणी घंटा वाजवत चाललं होतं, आइसफ्रूटवाला असेल.

"मांसात पाणी असतं. मीठ घातलं की बर्फ इतका गार होतो की ते आतलं पाणी गोठतं, आणि गोठताना आतून सगळं फोडतं. बाहेरून दिसत नाही. तुमची तर नुसती टोकं आहेत, तीही आतून गरम रक्त येत होतं म्हणून वाचतील. उद्या फोड येतील, कातडी जाईल, नवी येईल." त्या थांबल्या. "त्याला आतून रक्त येत नव्हतं."

"खळगा राहिला होता," मी म्हटलं. "मी दाबून बघितलं. गेलेला होता तो."

"नव्हता. तसाच लुळा, निळा आम्हाला हवा होता."

"म्हणजे पिशवीत राहिला असता तर?"

त्यांनी नजर माझ्या बोटांवर वळवली. फार मायेची पोर होती ती. मी पुन्हा विचारलं, तेव्हा म्हणाली, "काप चांगला होता. सर सकाळपासून थांबले होते."

भिंतीला टेकून मी खाली बसले. पदर तोंडात कोंबला. रतनला ऐकू जाऊ नये म्हणून.

"भावाला सर सांगतील, जोडता येत नाही म्हणून. त्यापुढं आम्ही आपणहून काही सांगणार नाही. तुम्ही सांगू नका असंही मी म्हणत नाही, ताई. पण आज नको."

संध्याकाळी मला जानूजवळ जाऊ दिलं. मनगट शिवून गुंडाळलेलं होतं. त्याला कळलं होतं. भिंतीकडं तोंड करून पडला होता. मी जवळ बसले तसा वळला. माझं तोंड बघून त्यालाच माझी कीव आली असावी.

"रडू नको गो बाय," तो म्हणाला. "तुझ्याकडनं काय कमी नाय पडलं. वायरीनंच पार चिरडला असंल. तू तर असा आणलास, असा आणलास…"

तेव्हा सांगायचं होतं. ओठाशी आलं होतं. रतन दुधाचा पेला घेऊन आत आली.

हॉस्पिटलनं दुसऱ्या दिवशी हात परत दिला. पांढऱ्या कापडात. जानू म्हणाला, दर्यालाच दे. हसनभाई आणि मी तो घेऊन परत निघालो. पेटी तीच, पण या खेपेला बर्फ नव्हता. वाटेत कधीतरी तो सैल पडला. मांडीवरच्या मांडीवर मला ते कळलं. भरतीची रेषा जिथं संपते तिथं वाळूत हसनभाईनं खड्डा केला. माझ्या बोटांना बोराएवढे फोड आले होते, मला वाळू लोटता येईना. त्यानंच लोटली, त्यानंच दोन शब्द पुटपुटले. त्याचा देव आणि आमचा देव, त्या वेळी दोघंही तिथं असते तरी काय करणार होते!

बोटांची सालं निघाली. तिवरेकर सिस्टर रोज मलम लावायची. पहिल्या दिवशी तिनं बोटं उलटसुलट करून पाहिली आणि एकच शब्द विचारला.

"पिशवी?"

मी मान खाली घातली. त्यानंतर पंधरा दिवस तिनं पट्टी बदलली, आणि पंधरा दिवसांत ती माझ्याशी एक अक्षर बोलली नाही. नंतर बदली होऊन गेली.

मी शेड सोडली. बर्फ सोसत नाही म्हणून सांगितलं. बोटांकडं बघून सगळ्यांना ते पटलं. सुकटीच्या ओट्यावर बसायला लागले. जानू जाळी शिवायला लागला. डाव्या हातात सुई, उजव्या पायाच्या अंगठ्यात जाळ्याचं तोंड. आधी वर्षभर तो कुणाशी बोलायचा नाही. मग एके दिवशी डिझेलच्या पंपावर आलेल्या परगावच्या खलाशांनी विचारलं, हात कसा गेला? आणि माझा भाऊ बोलायला लागला.

"हात गेला तो गेला," त्यानं सांगितलं. "पण पोचला कसा ते ऐका. माझी बाय. ती काय समोर सुकट पसरतेय ती. सारं बंदर रडत होतं तेव्हा ही पेटी भरत होती. घाटात गाडी बंद पडली, बर्फ इतळला, तिथं हिनं परत भरला. मीठ घालून! कोल्हापूरच्या डॉक्टरांनी ताटात ठेवला तर टण् वाजला. रतन होती तिथं, तिला विचारा. वायरीनं चिरडला नसता ना, तर आज हा हात तुमच्याशी मिळवला असता."

ही गोष्ट त्यानं बारा वर्षं सांगितली. नव्या खलाशाला, बँकेच्या साहेबाला, रतनच्या भाचरांना, रस्ता चुकलेल्या पाहुण्याला. दर खेपेला नवी. कधी घाट उंच व्हायचा, कधी ऊन वाढायचं. टण् मात्र तसाच राहायचा, आणि तो वाजला की ऐकणारे माझ्याकडं वळून बघायचे. तांडेल व्हायचं राहिलेल्या माणसाजवळ दुसरं काही नव्हतं. आपल्याकडं अशी बहीण आहे, एवढीच त्याची लाँच होती. मी मान खाली घालून सुकट पालथी करत राहायची. लोक म्हणायचे, किती साधी बाई, स्तुती झाली की लाजते.

तेराव्या वर्षी तालुक्याला कृत्रिम हातपायांचं शिबिर होतं. जानूला घेऊन मी गेले. मापं घेणारा डॉक्टर पोरसवदा होता, हसरा. जानूचं मनगट फिरवून बघत म्हणाला, "छान टाके घातलेत हो काका. कुणी?"

झालं. जानूनं गोष्ट सुरू केली. मी म्हटलं, "जानू, मागं रांग हाय." तो थांबला नाही. घाट आला. ऊन आलं.

"…आणि मीठ घालून, डॉक्टर! दोन मुठी!"

"थेट बर्फात?" डॉक्टर टेपवरचा आकडा लिहिता लिहिता म्हणाला. "पिशवीतून काढून? अरेरे. अहो काका, मग तो वायरीनं नाही, तिथंच गेला की! बर्फानं आतून फुटतो हात. आम्हाला पहिल्या वर्षाला शिकवतात हे. कुणी केलं होतं असलं?"

मग त्याचं माझ्याकडं लक्ष गेलं. माझ्या बोटांकडं. लिहिणारी पेन्सिल थांबली.

जानूही माझ्या बोटांकडंच बघत होता. तेरा वर्षं ती त्याच्यासमोर होती, गुळगुळीत, टोकांना गुलाबी, रेषा पुसलेली बोटं. त्यानं ती त्या दिवशी पहिल्यांदा पाहिली.

येताना एसटीत तो खिडकीशी बसला. मी सगळं सांगितलं. सिस्टरचं, पिशवीचं, मगदूमबाईंचं. त्यानं मधे तोडलं नाही. मी थांबले तेव्हा म्हणाला, "मूठभर घाल असं मीच म्हटलं होतं ना?"

"मी आधीच घातलं होतं."

"हं," तो म्हणाला.

तो वाईट वागला नाही. पुढं वारेपर्यंत कधी वाकडा शब्द नाही, कधी ताट लोटलं नाही. शिबिरातला हात रतननं खुंटीला टांगला, तो तिथंच राहिला. आईच्या ओव्यांतली ती पहिली ओळ कधी माझ्या तोंडी आलीच, तर दुसरीपाशी मी गिळून टाकायची, आणि तोही पुढचं म्हण म्हणायचा नाही.

शिबिरानंतरच्या आठवड्यातली गोष्ट. तो सुकटीच्या ओट्याखाली जाळं घेऊन बसला होता. कर्नाटकातून आलेला नवा खलाशी जवळ येऊन टेकला. विडी पुढं केली, जानूनं डाव्या हातानं घेतली. माझे कान तिकडं लागलेले. पोरग्यानं आपली विडी पेटवली, मग सगळे विचारतात तसं त्यानंही विचारलं.

मी सुकट पालथी करायची थांबले.

"विंचात गेला," जानू म्हणाला.

"मग?"

जानूनं अंगठ्यातलं जाळं ताणून घेतलं. माझ्याकडं बघितलं नाही.

"मग काय नाय. गेला."